रंग तुमी घातलाय

"धुरकट हाय की ह्ये. रंग तुमी घातलाय," असं म्हणून आप्पांनी दुर्बीण माझ्या हातात परत दिली.

जानेवारीतली, अवसेच्या आदली रात्र. नागज फाट्यावरून जतच्या रस्त्याला लागलं की हळूहळू दोन्ही बाजूंचे दिवे विरळ होतात, आणि एखाद्या कच्च्या वाटेने आत शिरलं की नुसता माळ उरतो. तिथे गाडी लावून, ट्रायपॉड उभा करून मी बसलो होतो. डोक्याला लाल बत्ती, कारण पांढऱ्या उजेडाने अंधाराला सरावलेले डोळे क्षणात आंधळे होतात आणि पुढची वीस-पंचवीस मिनिटं वाया जातात. आधी कुत्रं आलं. भुंकलं नाही, लांबून वास घेत उभं राहिलं. त्याचीच जास्त भीती वाटली. मग बॅटरीचा झोत आला आणि झोतामागून आवाज : "काय उकरताय?" त्यांचंही चुकत नव्हतं. अवस तोंडावर आलेली, माळावर एकटा माणूस, कपाळावर तांबडा दिवा आणि समोर तीन पायांचं कायतरी. गुप्तधन सोडून दुसरं काय सुचणार? मी थर्मासातला चहा पुढे केला. चहाने बरेच गैरसमज मिटतात. घोंगडं सावरत ते माझ्या शेजारी उकिडवे बसले. अंगावर मेंढरांचा आणि शेकोटीच्या धुराचा वास. पलीकडच्या पड रानात त्यांची मेंढरं बसवलेली होती, भोवतीने जाळीची वाघर लावलेली. लांडग्याचं भ्या असतं म्हणून रात्रभर डोळा लागू द्यायचा नाही, म्हणाले.

रात्रभर जागणाऱ्या माणसाला आकाश शिकवायला जाणं हा आगाऊपणाच, पण मी तो केला. "ते तिकांडं बघा," ओळीतल्या तीन ठळक ताऱ्यांकडे बोट करून म्हटलं. तर म्हणे, "तिकांडं काय मला दावताय पावनं? कासराभर वर आलं की पयली झोप हुती." मग मी त्याच्या खालच्या, उभ्या ओळीतल्या तीन मंद ठिपक्यांकडे वळलो, ज्यांना लहानपणी आम्ही हरणाचं शेपूट म्हणायचो. हा सगळा मृग, असं सांगितल्यावर मात्र ते थबकले. मिरीग म्हणजे पावसाचा, तो थंडीत वर काय करतोय? जूनमध्ये सूर्यच त्या जागी जाऊन बसतो, म्हणून ज्या दिवसांत आपण मिरगाची वाट बघतो त्या दिवसांत तो दिसत नाही, असं मी सांगितलं. त्यावर ते काही बोलले नाहीत. तेवढ्यात दोन मिनिटांचं एक्सपोजर संपलं आणि कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर चित्र उमटलं. सगळं आभाळच तांबूस, आणि मधल्या ठिपक्याच्या जागी जास्वंदीच्या पाकळीसारखं काहीतरी उलगडलेलं. तो मृगाचा तेजोमेघ, वायूचा एक प्रचंड ढग. आप्पा बराच वेळ बघत राहिले. नंतर मी त्यांना दुर्बीण दिली, नेमकी जागा दाखवली. तिच्यातून जे दिसतं ते मला माहीत होतं : काचेवर श्वास सोडावा तसा एक राखाडी डाग. तेवढंच त्यांना दिसलं आणि तेवढंच ते बोलले. मी हायड्रोजन वगैरे सुरू करणार, तर त्यांनी विचारलं, "काम काय करता?" सांगलीला हळदीच्या पेठेत अडत दुकान आहे, म्हटलं. त्यावर ते इतके मनापासून हसले, की कुत्रंही उठून उभं राहिलं.

"मग बरूबर हाय. रंग घालायची सवय आसंल."

चहा संपवून, पेला झटकून ते मेंढरांकडे गेले. एवढंच झालं.

आता यात लागण्यासारखं काय होतं? दुसऱ्या कुणाला सांगितलं तर हसून सोडून देईल. पण पेठेत ज्याचा जन्म गेला त्याला 'रंग घातलाय' या दोन शब्दांचं वजन विचारा. हळदीत रंग घालणं म्हणजे मेटॅनिल यलो, लेड क्रोमेट, माणसाच्या पोटात विष. आम्लाचा थेंब टाकून पूड गुलाबी झाली आणि पाणी घातल्यावरही गुलाबीच राहिली, तर त्या दुकानाकडे पुन्हा कुणी वळत नाही. सौद्याच्या वेळी व्यापारी हळकुंडाच्या वरच्या रंगावर कधीच विश्वास ठेवत नाही. पोत्यात हात घालतो, एक हळकुंड काढतो, कटकन मोडतो आणि मोडलेल्या तोंडाकडे बघतो. वडील म्हणायचे, बोलायचं काम हळकुंडाला करू द्यावं, आपण गप्प बसावं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पेठेत पेढे वाटले, पण त्यादिवशीही हळकुंडं मोडूनच सौदे झाले. आणि त्या माणसाच्या कपाळावर तर बिरोबाचा भंडारा होता. आरेवाडीच्या बनात जत्रेला तो मुठीमुठीने उधळला जातो. खोटी हळद कशी असते, अंगाला कशी खाज आणते, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक असणार.

पहाटे तीनला परत येताना दंडोबाचा डोंगर डाव्या की उजव्या हाताला गेला तेही मला कळलं नाही, इतका मी मनातल्या मनात वाद घालत होतो. आणि मिरज जवळ आल्यावर, नेहमीप्रमाणे उशिरा, उत्तर सुचलं. त्यांचा पटका! ते शेजारी बसलेले असताना डोक्यावर काहीतरी काळं गुंडाळलेलं दिसत होतं. उठताना त्यांनी बॅटरी लावली, उजेड वर उडाला आणि तो पटका लालभडक निघाला. चांदण्यांच्या उजेडात आपले डोळे रंग बघायचं सोडून देतात. अंधारात ज्या पेशी काम करतात त्यांना निळसर हिरवं त्यातल्या त्यात बरं कळतं आणि गडद लाल जवळजवळ काहीच कळत नाही, म्हणून रात्री लाल वस्तू सगळ्यात आधी काळी पडते. तेजोमेघाचंही तेच. तिथे तापलेला हायड्रोजन ६५६ नॅनोमीटरचा लाल प्रकाश टाकत बसलेला असतो आणि नेमका तोच आपल्या रात्रीच्या डोळ्याला वर्ज्य. "आप्पा, तुमच्या पटक्याला रंग काय बॅटरीनं घातला व्हय?" एवढं एक वाक्य मी वेळेवर बोललो असतो तर! पण गाडी टोलनाक्याच्या पुढे आली होती.

आणि खरं सांगायचं तर, वाद जिंकून देणारं ते वाक्य सापडल्यावरही मला बरं वाटलं नाही.

कारण या कॅमेऱ्याचं आणि लाल रंगाचं आमच्या घरात आधीच एक प्रकरण झालेलं आहे. कॅमेरा कॅननचा, ६००डी, २०१२ मध्ये मुलीच्या बारशासाठी घेतला. पुढची आठ-नऊ वर्षं तो घरातल्यासारखाच होता. तिचं रांगणं, जावळ, शाळेचा पहिला दिवस, आणि दर पाडव्याला गुढीशेजारी उभं करून काढलेला एक फोटो. गुढी तेवढीच, पोरगी दर वर्षी बोटभर वर. मग फोनचे कॅमेरे चांगले झाले आणि तो कपाटात साड्यांच्या मागे गेला. एका पावसाळ्यात, कृष्णेचं पाणी किती फुटांवर आहे हे मोबाइलवर बघण्याशिवाय दुसरं काम नव्हतं तेव्हा, मी त्याला उघडला. कॅमेऱ्याच्या सेन्सरपुढे फिकट निळसर काचेचा एक तुकडा असतो, बोटाच्या पेराएवढा. सेन्सर आपल्या डोळ्यापेक्षा लाल बाजूला फार लोभी. त्याला मोकळं सोडलं तर माणसं चेहऱ्याने तांबडीलाल येतील, म्हणून कारखान्यातच ही काच लावून त्याला आपल्या डोळ्याच्या ओळीत बसवलेलं असतं. त्यात कारखान्याची काही चूक नाही. पण ती काच हायड्रोजनच्या त्या लाल प्रकाशातला जेमतेम चौथा हिस्सा आत सोडते. हौशी आकाशवाले ती काढून टाकतात. काही कंपन्यांनी असे कॅमेरे मुद्दाम बनवूनही विकले, कॅननचा ६०डीए २०१२ मध्ये आला, निकॉनचा डी८१०ए २०१५ मध्ये. पण त्यांच्या किमती बघून मी स्क्रू ड्रायव्हर विकत घेतला.

दोन दिवस लागले. मुलीच्या जुन्या रंगपेटीच्या कप्प्यांत मी स्क्रू वेगवेगळे मांडले; निळ्याच्या कप्प्यात तळाचे, हिरव्याच्या कप्प्यात पाठीचे. कागदापेक्षा पातळ पट्ट्या नखाने उचलून सोडवायच्या, श्वास रोखून. फ्लॅशचा कपॅसिटर बॅटरी काढल्यावरही तीनशे व्होल्टच्या आसपास धरून बसतो, हे मी वाचलं होतं, आणि वाचून झाल्यावरच त्याला हात लावला. कोपरापर्यंत दांडकं बसल्यासारखं झालं. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "काय पडलं?" मी म्हटलं, काही नाही. शेवटी ती काच निघाली. उजेडात धरली तर पावसाळी दुपार आणखी पावसाळी दिसत होती, बस. कापूस घातलेल्या कानातल्यांच्या डबीत मी ती ठेवून दिली, कधी परत बसवावीशी वाटली तर. सगळं जुळवल्यावर एक स्क्रू उरला. तो आजही पिवळ्याच्या कप्प्यात आहे आणि कॅमेरा त्याच्याशिवाय व्यवस्थित चालतो.

पहिला फोटो आईचा काढला. ती गॅलरीत तांदूळ निवडत बसली होती. पडद्यावर बघून म्हणाली, "अगं बाई, मी काय जोतिबाला जाऊन आले होय रे?" खरंच, सकाळपासून गुलालात उभं राहून आल्यासारखी ती दिसत होती, पांढरे केससुद्धा गुलाबी. पांढरा कागद धरून रंगांचं गणित नव्याने बसवता येतं, ते मी बसवलं, आणि फोटो पुष्कळसा सुधारला. पुष्कळसा. पण तुळशीचा हिरवा काही पूर्वीसारखा हिरवा येईना, आणि व्ह्यूफाइंडरमधून केलेला फोकस आता केसभर चुकायला लागला. पुढच्या पाडव्याला मी हट्टाने त्याच कॅमेऱ्याने गुढीचा फोटो काढला. बायकोने सगळी वर्षं ओळीने अल्बममध्ये लावली. ती रंगाबिंगाबद्दल काही बोलत नाही. पण परवा पाहुणे आल्यावर पानं उलटताना तिने एका जागी बोट ठेवलं आणि सहज म्हणाली, "इथपर्यंत खरे आहेत."

म्हणजे घरात एक आणि माळावर एक, असे दोन निकाल लागलेले.

बाकी या नादात जेवढं आकाश बघणं असतं त्याच्या दसपट किरकोळ कटकटी असतात. सांगलीतून काही होत नाही; उसाचा हंगाम, साखर कारखान्यांच्या चिमण्या, पाचट पेटवल्याचा धूर आणि नदीवरून उठणारं धुकं, यांतून मोठे तारे दिसले तरी उपकार. म्हणून पूर्वेला, पाऊस कमी तिथे जायचं. ज्या कोरडेपणाने तिकडच्या माणसांना चारा छावण्या बघायला लावल्या त्याच कोरडेपणाची मला चैन. हे मनात येतं तेव्हा थर्मासातला चहा गोड लागत नाही, पण जायचं काही मी थांबवत नाही. तिथेही अगदी अंधार असा नाहीच. ढालगावकडच्या पठारावर पवनचक्क्यांचे लाल दिवे सगळे मिळून उघडमीट करत असतात, आणि शेतीची लाईट रात्रीची असली की लांबवर कुणी द्राक्षाला पाणी सोडायला निघालेला असतो, त्याची बॅटरी बांधाबांधाने सरकताना दिसते. ध्रुवतारा आपल्याकडे जेमतेम सतरा अंश वर. दोन बोटं धूळ असली की गायब. त्याच्या अंदाजाने ट्रॅकरचा आस लावायचा, मग तो तेवीस तास छप्पन्न मिनिटांत एक फेरी अशा चालीने कॅमेऱ्याला ताऱ्यांमागे फिरवतो. दोन-दोन मिनिटांचे साठ-सत्तर फोटो. मधूनच लेन्सवर दव धरतं. सगळं झाल्यावर लेन्सला झाकण लावून तेवढ्याच वेळाचे काळे फोटो काढायचे, म्हणजे सेन्सरची स्वतःची खरखर वजा करता येते. झाकण लावून अंधाराचे फोटो काढत कडाक्याच्या थंडीत बसलेला माणूस, हे ज्याने बाहेरून पाहिलं त्याला गुप्तधन हेच जास्त शहाणपणाचं वाटेल. आणि उजाडताना लेन्सच्या तोंडावर पांढरं बनियन ताणून आणखी वीस फोटो, काचेवरची धूळ आणि कोपऱ्यातला काळोख पुसायला. ते बनियन वेगळं ठेवलेलं आहे. आईला कारण सांगितलेलं नाही.

मग घरी संगणकावर पॉलिश. हो, मला दुसरा शब्द सुचत नाही. शेतातून निघालेली हळद कशी दिसते हे ज्यांनी पाहिलंय त्यांना कळेल : शिजवून वाळवलेलं हळकुंड मळकट, सुरकुतलेलं, मातीच्या रंगाचं असतं. ते ड्रममध्ये घालून फिरवतात, एकमेकांवर घासून वरची साल जाते आणि आतला रंग बाहेर येतो. इथवर सगळं प्रामाणिक. पण पॉलिशच्या शेवटी शेवटी ड्रममध्ये थोडी हळदपूडही मारतात, तकाकी यावी म्हणून. हळदच ती, परकं काही नाही. तरी ती पूड त्या हळकुंडातली नसते. माझ्या फोटोंचंही असंच होतं. साठ फोटो एकावर एक रचले की खरखर बसते आणि बारीक उजेड वर येतो. हे साल काढणं. मग तो दबलेला उजेड ताणायचा, सगळ्यावर पसरलेली तांबूस झाक काढायची, तारे पांढरे करायचे. तेही साल काढणंच. आणि मग रात्री एक वाजता, घर झोपलेलं असताना, रंगाची ती पट्टी आणखी थोडी उजवीकडे सरकते. किती? ते माझं मला माहीत असतं. एका हिवाळ्यात रोझेटचा फोटो केला. पाच हजार प्रकाशवर्षांवरचा फुलासारखा तेजोमेघ, आकाशात पौर्णिमेच्या चंद्राच्या दुपटीहून रुंद जागा व्यापणारा, आणि माझ्या दुर्बिणीतून मी जन्मात कधी न पाहिलेला. त्या रात्री पट्टी जरा जास्तच सरकली. सकाळी उठून बघितलं तर नवीन लग्नाच्या पत्रिकेसारखं दिसत होतं. तोच नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, आणि तीन दिवसांनी एका मावसभावाकडून मलाच परत आला : 'नासाने टिपलेले ब्रह्मकमळ, दर्शन घ्या, पुढे पाठवा.' मी हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं.

आप्पांना हळकुंड मोडून दाखवायला हवं होतं, पॉलिश केलेलं नव्हे. पण मोडलेलं म्हणजे कोणतं? पडद्यावर त्यांनी पाहिला तो कच्चाच फोटो होता आणि त्यात सगळं आभाळच लाल होतं; वांधा तिथेच झाला. आभाळ लाल नव्हतं हे त्यांना दिसत होतं. एकाच फोटोत अर्धा लाल खोटा आणि अर्धा खरा, आणि कुठला कुठे संपतो ते मी म्हणेन तसं. मला राहून राहून १८८० साल आठवत होतं. त्या ३० सप्टेंबरला हेन्री ड्रेपरने न्यूयॉर्कजवळ मृगाच्या याच तेजोमेघाचा पहिला फोटो घेतला, पन्नासेक मिनिटांचं एक्सपोजर, काळापांढरा. त्यानंतर आठ वर्षांनी विल्यमिना फ्लेमिंगला हार्वर्डच्या एका काचपट्टीवर, तिकांड्याच्या डावीकडच्या ताऱ्याखाली, घोड्याच्या तोंडासारखी काळी खाच दिसली. ही बाई आधी त्याच वेधशाळेच्या संचालकाच्या घरी मोलकरीण होती. आणि पुढे तेजोमेघांची यादी छापली गेली तेव्हा शोध त्या संचालकाच्याच नावावर गेला. त्या काळ्यापांढऱ्या काचांवर रंगाचा आरोप करायची सोय नव्हती. त्यात सगळंच राखाडी, आप्पांच्या दुर्बिणीतल्यासारखं. ज्या लाल प्रकाशात तो घोडा काळा उठून दिसतो तो लाल त्या बाईला कधी दिसला नसावा, असं मला वाटतं, आणि तिचं काही अडलंही नाही.

शेवटी ठरवलं, छापून न्यायचा. पट्टी न सरकवता, नेटका केलेला, मृगाच्या तेजोमेघाचा बारा बाय अठरा. शहरातल्या एका लॅबमध्ये दिला. घ्यायला गेलो तर पाकिटातून निघाला तपकिरी. चहा सांडून वाळल्यासारखा. काउंटरवरचा पोरगा उलट खुशीत. "सर, रेड लई मारत होता, मशीन ऑटोमध्ये स्किन टोनला बॅलन्स करतं, तरी मी हातानं अजून कमी केला. आता नॅचरल वाटतंय ना?" मला काय बोलावं कळेना. बदामीच्या चालुक्यांचं या मुलखावर राज्य होतं तेव्हा निघालेला तो लाल प्रकाश, तेराशेचाळीस वर्षं वाटेत कुठे न अडखळता येतो, काच काढून टाकल्यामुळे सेन्सरवर पडतो, आणि सांगलीत काउंटरवर अडकतो. त्याला पुन्हा काढायला सांगितला, करेक्शन काही करायचं नाही म्हणून वर लिहूनही दिलं. त्याने ते वाचून माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच फोटोत काहीतरी मिसळतोय.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी फोटो, कॅमेरा आणि कानातल्यांची ती डबी घेऊन नागज फाट्याला गेलो. चहाच्या गाड्यावाल्याने हात करून दिशा दाखवली. मेंढरं बाभळीच्या विरळ सावलीत एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी होती, पाठीवर ओळखीसाठी मारलेले लाल रंगाचे पट्टे. दिवसाउजेडी आप्पा रात्रीपेक्षा बारीक दिसले आणि पटका जास्त मोठा. सोबत आठ-नऊ वर्षांची नात, शाळेच्या युनिफॉर्ममध्येच, रविवार असूनही. फोटो त्यांनी दोन्ही हातांनी धरला, उन्हात तिरका केला, मग उलटून पाठ बघितली. नोटेची बघतात तशी. पटक्याचा मुद्दा मी महिनाभर घोळवून आणला होता, पण मला सुरुवातच जमेना. डबी उघडून म्हटलं, ही काच या कॅमेऱ्याच्या पोटात होती, ती मी काढून टाकली. ते काच घेणार एवढ्यात पोरीने ती उचलली, डोळ्याला लावली आणि मेंढरं, बाभळ, गाडी, असं सगळं बघत बघत आजोबांवर येऊन थांबली.

"आबा, तुमचा पटका इटला!"

आप्पांनी काच तिच्याकडून घेतली. पटका डोक्यावरून उतरवून मांडीवर घेतला आणि काचेतून बघितला; काच बाजूला करून बघितला; पुन्हा लावून बघितला. मी काही बोललो नाही. वडिलांचं ऐकायचं म्हटलं तर हीच वेळ होती. मेंढराच्या पाठीवरचा पट्टाही त्यांनी तसाच तपासला. मग म्हणाले, "ह्येनं तर आसल्याचं नकली हुतंय," आणि काच सदऱ्याला पुसून मला परत दिली. त्यांनी माझं ऐकलं होतं की काचेबद्दल तक्रार केली होती, हे मला तेव्हा कळलं नाही, अजूनही नीट कळलेलं नाही. आभाळाच्या फोटोबद्दल ते पुन्हा काही बोललेच नाहीत; तो गुंडाळून पोरीकडे दिला, घरी आईला दे म्हणून.

निघताना मात्र त्यांनी थांबवलं. "फोटू काढता तर माजा आन् मेंढरांचा बी काडा की." मी पांढरा कागद शोधायला गाडीकडे वळलो, रंग बसवायला, तर ते तोवर काठी टेकून, पटका नीट बांधून, एका एडक्याच्या शेजारी उभेही राहिले होते, हनुवटी वर करून. तसाच काढला. पडद्यावर सगळं गुलालात बुडालेलं : माळ तांबडा, मेंढरं गुलाबी, बाभळ विटकरी, आणि मधोमध तो पटका पेटल्यासारखा. मी घाईघाईने म्हटलं, हे असंच येतं, घरी गेल्यावर मी रंग काढून बरोबर करून आणतो. आप्पांनी कॅमेरा माझ्या हातातून घेऊन डोळ्यांजवळ धरला. पोरगी काठीला लोंबकळून बघायला लागली.

"काय बी काडू नका," आप्पा म्हणाले. "हाय त्योच आना."

फोटो अजून छापायला टाकलेला नाही. दोनदा लॅबच्या दारापर्यंत जाऊन आलो. काउंटरवर तोच पोरगा असतो, आणि या वेळी त्याला काय सांगायचं ते माझं ठरत नाहीये.